बिलातली खालची ओळ

"खुर्च्या एकात एक घालून उचला. फरफटत नेऊ नका, फरशीला चरे पडतात," हॉलताई म्हणाल्या, आणि मग त्यांनाच वाटलं, आपण कुणाच्या फरशीची काळजी करतोय? उद्या तर कुलूप लागणार होतं.

नगरपालिकेची दोन माणसं गल्लीतल्या हॉलच्या खुर्च्या टेम्पोत भरत होती. सोबतचा कारकून दारात अवघडून उभा होता. माणूस वाईट नव्हता आणि ताईंचा राग त्यामुळेच वाढत होता. वाईट असता तर निदान कडाडून भांडता आलं असतं.

"बाई, माझ्या हातात काय आहे, सांगा," तो म्हणाला. "आधी एकच पट्टी होती. कचरा उचलायचा खर्च आणि हॉलचा खर्च, दोन्ही त्यातूनच निघायचे. यंदा नगरपालिकेच्या सभेनं बिलात दोन ओळी केल्या. वरची कचऱ्याची, ती सक्तीची. खालची हॉलची, ती ऐच्छिक. खालची भरली कुणी? तुम्ही, आणि अजून एखाद-दुसऱ्यानं. लोकांनाच हॉल नको असेल तर आम्ही तरी काय करणार?"

ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लोकांना हॉल नको? या गल्लीत एकेका खोलीत संसार कोंबलेले. अभ्यासाला मुलं इथे यायची, शिंपीणबाई मोठं कापड बेतायला इथली फरशी वापरायची, कुणी गेलं की भेटायला येणारी माणसं इथे बसायची. सासू-सुनेचं बिनसलं की एक जण इथे येऊन बसायची. आज कोण आलंय त्यावरून घरात कोण हरलं ते गल्लीला कळायचं. आईवडील गेल्यावर ताईंना इथलं देखभालीचं काम मिळालं आणि त्याच पगारावर त्यांनी धाकट्या भावाला वाढवलं. पडदे स्वतः शिवले, नळाचे वायसर स्वतः बदलले. ताईंचं खरं नाव गल्ली केव्हाच विसरली होती.

टेम्पो गेला तशा त्या तडक शिंपीणबाईच्या दारात उभ्या राहिल्या.

"तुम्ही खालची ओळ भरली नाहीत?"

शिंपीणबाईनं मशीन थांबवलं. "अहो, मला वाटलं बाकीचे भरतील. माझ्या एकटीच्या पैशांनी काय अडणार होतं?"

"बाकीच्यांनाही हेच वाटलं असणार."

"आणि हॉलताई, राग मानू नका, पण तुमच्या भावानंच सांगितलं ना. ऐच्छिक आहे, सोडून द्या म्हणून. गल्लीभर सांगत होता. आम्हाला वाटलं, तुम्हाला विचारूनच सांगतोय."

भाऊ कचऱ्याच्या गाडीवर कामाला होता. ताई घरी परतल्या, पण त्यांचं कशात लक्ष लागेना. संध्याकाळी तो नेहमीसारखा बहिणीकडे चहाला आला, तेव्हा त्यांनी चहाही टाकला नाही आणि बस असंही म्हटलं नाही.

"तू लोकांना काय सांगत फिरलास?"

"कशाचं?"

"बिलाचं."

त्याला आधी कळेचना. कळलं तेव्हा तो भिंतीला टेकला. "ताई, मला वाटलं हॉल नगरपालिकेचाच आहे, तो चालवणारच ते. तुझा पगार त्या ओळीतून येतो हे मला काय माहीत? लोकांनी विचारलं, मी सांगितलं."

"तुला कशाला विचारलं? तू काय अधिकारी आहेस?"

"तेच तर," तो म्हणाला आणि त्याचाही आवाज चढला. "मी रोज दारात जातो. लोक नाकाला पदर लावून पिशवी लांबूनच देतात. यंदा बिल हातात घेऊन उभे होते. या भाऊ, बसा भाऊ, जरा समजावून सांगा भाऊ. एका घरात पाणी दिलं मला, पेल्यात. जन्मात पहिल्यांदा कुणी मला काही विचारलं. मी मला माहीत होतं ते सांगितलं."

ताईंना त्याची कीव आली, आणि कीव आली म्हणून आणखीच संताप आला. "त्यांनी तुला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि तू चढलास. पेलाभर पाण्यासाठी माझं दार बंद केलंस. आणि मला एका शब्दानं विचारलं नाहीस."

तो खाली मान घालून गेला. त्याच्या मागोमाग शेजारची चार माणसं आली. पुढे पेपरवाले आजोबा होते, रोज सकाळी हॉलमध्ये बसून पेपर वाचणारे.

"आम्ही ठरवलंय," आजोबा म्हणाले. "उद्या हॉलमध्ये तुमचा छोटासा सत्कार करायचा. एवढी वर्षं केलंत तुम्ही आमच्यासाठी."

"सत्काराची वर्गणी काढलीत?"

"हो, सगळ्यांनी दिली. आनंदानं दिली."

ताई त्यांच्याकडे बघत राहिल्या. यांना काही समजत नव्हतं की समजूनही ते मूग गिळून बसले होते, कोण जाणे. "नको मला," त्या म्हणाल्या. "उद्या हॉलमध्ये बसायला खुर्च्या नाहीत. सगळ्यांना उभं राहावं लागेल आणि ते तुम्हाला झेपणार नाही." त्यांनी दार लावून घेतलं.

सकाळी त्यांनी हॉल धुऊन काढला. नगरपालिकेनं जे नेलं नाही ते सगळं बाहेर आणून कचऱ्याच्या डब्यांजवळ रचलं. फुटका कॅरम, मुलांचा फळा, पायपुसणी, आणि वर पडदे, धुतलेले आणि घडी घातलेले. मग कुलूप लावून चावी न्यायला आलेल्या कारकुनाच्या हातावर ती ठेवली.

कचऱ्याच्या गाडीचा भोंगा वाजला तशी माणसं पिशव्या घेऊन दारांत आली. भाऊ मागच्या पायरीवरून उतरला आणि त्या ढिगासमोर थबकला.

"ताई, हे कशाला? पडदे चांगले आहेत."

"खरंच चांगले आहेत हो," शिंपीणबाई पुढे आली. "मला द्या ना. वाया कशाला घालवायचे?"

"देणार नाही," ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, तरी गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेला. "ठेवायचे असते तर खालची ओळ होती. तुम्ही वरची भरलीत. कचरा उचलायचे पैसे भरलेत सगळ्यांनी, तेव्हा तो उचलला गेलाच पाहिजे." आणि भावाकडे वळून म्हणाल्या, "उचल."

त्यानं कॅरम उचलला, फळा उचलला. पडदे त्यानं दोन्ही हातांनी घेतले आणि घडी मोडू न देता गाडीच्या आत ठेवले. मग बाजूचा दांडा ओढला. लोखंडी फळी हळूहळू खाली आली आणि सगळं आत ओढून घेऊन पुन्हा वर गेली. दारांतली माणसं हातातल्या पिशव्या तशाच धरून उभी होती.

भाऊ दांड्यावरचा हात न काढता बहिणीकडे बघत राहिला. ती काहीतरी बोलेल, शिवी तरी देईल, म्हणून तो थांबला होता.

"पुढचं दार बघ," ताई म्हणाल्या. "लोक खोळंबलेत."