काचेपलीकडे ईशू

उन्हाळ्यात जालन्यात मुलांना बाहेर न्यायचं तर उजाडायच्या आत निघायचं आणि ऊन चढायच्या आत परतायचं, हा आमच्या घरचा नियम. त्या रविवारी तो मोडला. नैवेद्याच्या पुरणपोळ्यांना वेळ लागला आणि अंकुशनगरच्या पुढे, रानातल्या म्हसोबापाशी पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं.

थोरली तन्वी गाडी थांबताच लिंबाखाली पळाली. धाकटी ईशू, तीन वर्षांची, मागच्या सीटवर झोपली होती.

"झोपू दे तिला. एसी चालू ठेवतो," माझे यजमान अंगद म्हणाले.

माझ्या सासऱ्यांना, मामांना, देवापुढे चामडं नेलेलं चालत नाही. त्यांनी चपला काढल्या, पट्टा काढला. मोबाइलला चामड्याचं कव्हर, म्हणून मोबाइलही आत ठेवला. अंगदनी तेच केलं. माझा मोबाइल पर्समध्ये आणि पर्स चामड्याची. सगळं पुढच्या सीटवर राहिलं. मी ईशूपाशी बसले.

"मीने, पाण्याचा तांब्या राह्यला बघ गाडीत!" आत्याबाईंनी, माझ्या सासूबाईंनी, झाडाखालून हाक मारली.

तांब्या घेऊन मी उतरले. आतला गारवा जाऊ नये म्हणून दार लावलं. तांब्या देऊन वळले तर ईशू उठून ड्रायव्हरच्या सीटवर उभी होती. मला पाहून हसली आणि तिने कुलपाचं बटण दाबलं. चारही दारं एकदम खट् वाजली. मग तिने किल्ली फिरवली. घरी आल्यावर गाडी बंद करायचा मान तिचा, मामा तिला रोज मांडीवर घेऊन किल्ली फिरवू देतात. इंजिन थांबलं.

"कशी हुशार आहे बघ," मामा म्हणाले.

मी अकरावी-बारावीला पदार्थविज्ञान शिकवते. काच उजेड आत घेते, आतली उष्णता मात्र सहज बाहेर सोडत नाही, हे दरवर्षी फळ्यावर लिहिते. लहान मूल मोठ्या माणसापेक्षा फार लवकर तापतं, हेही मला माहीत होतं. म्हणून मी किंचाळले, आणि ईशू घाबरून रडायला लागली.

"ईशू, ते बटण वर कर. वर, बाळा. वर!"

तिने बटण सोडून काचेवर हात आपटले. अंगदनी चारही दारं ओढून पाहिली, डिकी ओढली.

"फोन?"

"सगळे आत आहेत."

"रोडवर जातो. कुणाच्या तरी फोनवरून मेकॅनिक बोलावतो," म्हणत ते अनवाणीच पळाले.

आत्याबाईंनी सतरंजी आणून पुढच्या काचेवर टाकली. तेवढीच सावली. बाजूच्या काचांतून ऊन आत जातच होतं. मी हात लावला तर पत्रा भाजत होता.

"मामा, काच फोडावी लागेल."

"न्हाई न्हाई. लेकराच्या अंगावर उडंल ना काच. अंगद गेलाय, जल्दी येईल."

"तोवर उशीर होईल."

"कसला उशीर? आत्ता तर थंडगार व्हती गाडी."

"होती, मामा. आता नाही."

आत रडणं हळूहळू उतरत गेलं.

"गप्प झाली बघ," आत्याबाई म्हणाल्या. "दमली आसंल."

मला तेच नको होतं. ईशूचे गाल लालभडक झाले होते, केस कपाळाला चिकटले होते. तन्वीने काचेवर टकटक केलं तरी तिने मान वळवली नाही. ती सीटवर आडवी झाली.

मी दगड शोधायला लागले. रान काळ्या मातीचं. ढेकूळ उचललं तर हातात भुगा आला. जॅक डिकीत होता. दगड होते ते फक्त देवापाशी, म्हसोबाच्या भोवती मांडलेले, शेंदूर लावलेले. मी तिकडे धावले.

"मीने! तिथं हात लावू नको गं!" आत्याबाई ओरडल्या.

मी वाकलेली तशीच थांबले. मामांकडे पाहिलं. ते गाडीकडे पाहत होते. मग तापल्या मातीतून अनवाणी चालत आले, मला हाताने बाजूला केलं, खाली बसून डोकं टेकवलं आणि एक दगड उचलून माझ्या हातात दिला.

"मला धड दिसत न्हाई. तू मार. कुठं मारायचं ते तुला ठाऊक."

ईशू पुढे होती, म्हणून मी उलट्या बाजूचं मागचं दार निवडलं. काच मधोमध भक्कम असते, कोपऱ्यात नाजूक. पहिला फटका घसरला, काचेवर शेंदराचा पट्टा उमटला. दुसरा कोपऱ्यात बसला आणि सगळी काच ज्वारीच्या दाण्यांसारखी खाली ओघळली. आतून भट्टीसारखी वाफ तोंडावर आली.

मी आत हात घालून दार उघडलं, दोन सीटच्या मधून वाकून तिला ओढून घेतलं. अंग चटका बसावा इतकं गरम होतं.

झाडाखाली कपडे काढले. तांब्यातल्या पाण्याने आत्याबाईंचा पदर भिजवून मानेला, काखेत, मांड्यांना लावत राहिले. तन्वी ताटाने वारा घालत होती. त्यातल्या पोळ्या मातीत पडल्या होत्या. आत्याबाई ईशूचे तळपाय चोळत नाव घेऊन हाका मारत होत्या.

ईशूने डोळे उघडले.

"आई, पाणी."

"थोडं थोडं. सावकाश," मी म्हणाले.

अंगद कुणाच्या तरी मोटारसायकलवरून आले. ईशूला पाहिलं, मग गाडीकडे पाहिलं.

"काच कुणी..."

"मी फोडली," मामा म्हणाले. "चल, गाडी काढ. दवाखान्यात जाऊ."

मी ईशूला मांडीवर घेऊन मागे बसले. फुटक्या खिडकीतून गरम वारा येत होता. ओला पदर तिच्या अंगावर धरून, तिच्या मनगटावर बोटं ठेवून मी ठोके मोजत होते. पुढच्या सीटवरून मामा मागे वळले.

"ठोके किती पडून राह्यले?"

"जास्तच आहेत अजून. पण उतरतायत."

त्यांनी मान हलवली आणि समोर पाहिलं. अंबडचा फाटा गेला.

"आता?" त्यांनी विचारलं.