मॅडमची बॅग

मृणालिनी मॅडम स्कीचे बूट घालायला वाकल्या, तेवढ्यात भार्गवीने डिकीतून त्यांची बॅग काढून छातीवर अडकवलीसुद्धा. पाठीवर तिची स्वतःची होतीच.

"अगं, दे इकडे. मी काय म्हातारी झालेय?"

"असू दे हो मॅडम. हलकी आहे."

हलकी मुळीच नव्हती. पण मॅडमनी पुन्हा मागितली नाही आणि मागितली असती तरी भार्गवीने दिली नसती. मेडिकल कॉलेजात भूल द्यायला शिकण्याआधी ती सरांची बॅग उचलायला शिकली होती, आणि मॅडमनी नागपूरला आपल्या काळात कुणाकुणाच्या उचलल्या होत्या. डब्लिनच्या त्यांच्या हॉस्पिटलात आयरिश ज्युनिअर आपल्या कन्सल्टंटला खुशाल नावाने हाक मारत आणि त्यांच्याआधी लिफ्टमध्ये शिरत. या दोघींचं मात्र जुनंच शास्त्र चालू होतं. मॅडम पुढे, भार्गवी दोन पावलं मागे, बॅग भार्गवीकडे. ही तुझी आई का, असं एका नर्सने एकदा विचारलंही होतं. भार्गवी नुसती हसली होती.

समोर स्लेमिश उभा होता, उत्तर आयर्लंडच्या शेतांमधून एकदम वर आलेला काळा डोंगर. कोट्यवधी वर्षांपूर्वी विझलेला ज्वालामुखी. उंचीला बेताचाच, सिंहगडावर दर रविवारी जाणाऱ्याला हसू यावं एवढा. पण आठवडाभराच्या वादळाने त्याच्या एका घळीत बर्फ गच्च भरून ठेवलं होतं, आणि आयर्लंडमध्ये स्की करणाऱ्याने याहून जास्त अपेक्षा ठेवू नये. "घराजवळचा ज्वालामुखी आहे, बर्फ आहे, सुट्टी आहे. आणखी काय पाहिजे?" असं म्हणून मॅडमनी डब्लिनमधल्या सँडीफोर्डहून सकाळीच गाडी काढली होती आणि वाटेत ॲडम्सटाउनला भार्गवीला उचललं होतं.

ती दोन हजार वीसच्या मार्चची सुरुवात होती. देशात कोरोनाचा पहिला पेशंट सापडल्याची बातमी नुकतीच आली होती, आणि पुढे किती दिवस सुट्टी मिळेल ते दोघींनाही माहीत नव्हतं. गाडीत मॅडमनी जाहीर करून टाकलं होतं,

"आपल्याकडे पहिला पेशंट आला की नळी मी घालणार. पुढचं ड्युटीचा तक्ता बघेल."

"हो मॅडम," भार्गवी म्हणाली होती, आणि तेव्हापासून स्वतःवर चिडली होती.

श्वासनळीत नळी घालायची म्हणजे पेशंटच्या तोंडाशी तोंड नेऊन उभं राहायचं. आणि मॅडमना दमा होता. हे डिपार्टमेंटमध्ये कुणालाही ठाऊक नव्हतं. भार्गवीला ठाऊक होतं, कारण बॅग वाहणाऱ्याला आतलं सगळं माहीत असतं. पुढच्या कप्प्यात निळा इनहेलर असायचा, त्याच्या शेजारी लवंगांची डबी. मॅडमच्या काळजीने तिला भीती वाटत होती; पण ही काळजी मॅडमना बोलून दाखवायची म्हटलं, की मॅडमचीच भीती वाटत होती. दोन्ही भीतींच्या मध्ये ती सकाळपासून गप्प बसली होती.

स्कीच्या तळाला पट्ट्या चिकटवून दोघी चढायला लागल्या. या पट्ट्या पुढे सरकू देतात, मागे घसरू देत नाहीत. मॅडम पुढे. साठीला टेकलेली बाई, पण लय अशी की बघत राहावं: ना घाई, ना थांबणं. वर पोचल्यावर भार्गवीने हातमोजा काढला आणि बर्फातून वर आलेल्या खडकावर तळवा ठेवला.

"मॅडम, हा तर आपलाच दगड. राजगडावरचा."

"राजगडाचं कौतुक मला सांगू नकोस. आमची सीताबर्डीची टेकडीसुद्धा याच दगडाची आहे," मॅडम म्हणाल्या. "आम्ही तिचा कधी एवढा गाजावाजा केला नाही, इतकंच."

दोघी मनापासून हसल्या. ऊन पडलं होतं. खाली हिरव्या शेतांचे तुकडे आणि मेंढरं दिसत होती. आता सांगावं, असं भार्गवीला वाटलं. तिने तोंडही उघडलं.

"मॅडम, ते नळीचं..."

"नियम काय?" मॅडमनी स्कीवरच्या पट्ट्या सोलून काढत मध्येच विचारलं. त्या घळीकडे बघत होत्या.

"एका वेळी एक," भार्गवी म्हणाली. डब्लिनजवळच्या प्लॅस्टिकच्या उतारावर मॅडमनी तिला स्की शिकवली होती, आणि उभं राहता येण्याआधी हे पाठ करून घेतलं होतं. "एक उतरणार. दुसरी बघत राहणार. ती थांबेपर्यंत नजर हलवायची नाही."

"शहाणी. मी जाते."

आणि त्या गेल्याही. पहिली दोन वळणं सुरेख होती. तिसऱ्या वळणाला भार्गवीच्या छातीवरच्या बॅगेचा पट्टा स्कीच्या काठीत अडकला. तिने खाली बघितलं, पट्टा सोडवला, बॅग नीट केली. मान वर केली तर घळीत ढग शिरला होता आणि मॅडम दिसत नव्हत्या.

"मॅडम?"

उत्तर नाही. तिने पुन्हा हाक मारली, मग गप्प बसून ऐकलं. वारा तेवढा होता. आपण काय केलं ते तिला लख्ख कळलं. मॅडमचा फोन, मॅडमचं जाड जॅकेट, मॅडमचा इनहेलर, सगळं तिच्या छातीवर होतं. डोंगरात प्रत्येकाने आपलं ओझं आपणच न्यायचं असतं. शाळकरी पोरांच्या ट्रेकलासुद्धा हे सांगतात. तिने भक्तिभावाने मॅडमना रिकाम्या हाताने खाली पाठवलं होतं.

घाबरायला तिला नंतर वेळ मिळाला असता. मॅडमच्या स्कीची रेघ बर्फावर दिसत होती. दोन बॅगांनी तोल जात होता म्हणून ती लहान लहान वळणं घेत, त्या रेघेला धरून उतरत गेली. ऑपरेशन थिएटरमध्ये काही बिघडलं की तिचे हात आपोआप शांत होत, तसे आता पाय झाले होते.

घळीच्या निम्म्यावर एका काळ्या खडकाला टेकून मॅडम बसल्या होत्या. पडल्या नव्हत्या, लागलं नव्हतं. पण खांदे वर चढले होते आणि प्रत्येक श्वासाला शिट्टी वाजत होती. भार्गवीला बघून त्यांनी फक्त हात पुढे केला.

भार्गवीने न बघता पुढचा कप्पा उघडला, इनहेलर हलवून त्यांच्या हातात दिला आणि स्वतः त्यांच्या शेजारी बसून त्यांना आपल्या खांद्याचा आधार दिला. पुन्हा एकदा दिला. मग जॅकेट पांघरलं. शिट्टी हळूहळू बारीक झाली.

"गार हवा," बऱ्याच वेळाने मॅडम म्हणाल्या. "मूर्खासारखा इनहेलर बॅगेत ठेवला."

"बॅग माझ्याकडे होती."

"मी दिली म्हणून होती ना."

"मी नजर हलवली, मॅडम. सॉरी."

मॅडमनी डोकं हलवलं. त्या पुढे काही बोलणार होत्या, पण भार्गवीने त्यांना बोलू दिलं नाही. आजवर तिने असं कधी केलं नव्हतं.

"पहिल्या पेशंटला नळी मी घालणार."

"काय?"

"मी घालणार. तुम्ही काचेबाहेर उभं राहायचं."

मॅडम तिच्याकडे वळल्या. राउंडवर चुकीचं उत्तर देणाऱ्याकडे त्या अशाच बघत. "भार्गवी, डिपार्टमेंट माझं आहे. मुलांना पुढे करून मी मागे उभी राहू? लोक काय म्हणतील?"

"लोकांना दमा नाहीये. तुम्हाला आहे."

"आणि तुला काही झालं तर? तुझ्या आईला मी काय सांगू?"

"तुम्हाला काही झालं तर मी कुणाला सांगू?" भार्गवीचा आवाज चढला, आणि चढला तसाच फाटला. "मला इथे आहे कोण तुमच्याशिवाय?"

खालच्या शेतातून मेंढरांचा आवाज येत होता. ढग विरळ होत चालला होता. मॅडमनी इनहेलर पँटच्या खिशात ठेवला, चेन ओढली. मग हात लांब करून भार्गवीच्या छातीवरची बॅग सोडवून घेतली आणि स्वतःच्या पाठीवर चढवली.

"हो पुढे," त्या म्हणाल्या.

"मी?"

"मग कोण? मी बघते."

भार्गवी आयुष्यात पहिल्यांदा मॅडमच्या आधी निघाली. छाती मोकळी होती आणि स्की मनासारख्या वळत होत्या. उन्हाने मऊ झालेलं बर्फ दोन्ही बाजूंना उडत होतं. तिला मागे बघायची गरज वाटली नाही. घळ संपली तिथे ती थांबली, वळली. मॅडम खडकाशी उभ्या होत्या, तिच्यावरची नजर न हलवता.

परतीच्या वाटेवर मॅडम राजकारणावर बोलल्या, आयरिश बटाट्यांवर बोलल्या, भार्गवीच्या लग्नावरही घसरल्या. नळीचा विषय काढला नाही. आणि बॅग त्यांनी आपल्या हातानेच डिकीत ठेवली होती.

मार्च संपायच्या आत तो पेशंट आला. सकाळची वेळ होती. भार्गवी ट्रेनमधून उतरून चालत येत असतानाच फोन वाजला, आणि ती पाठीवरच्या बॅगेसकट तशीच आयसीयूत धावली.

मॅडम तिच्या आधी पोचल्या होत्या. काचेच्या दाराशी, हातात निळा गाऊन घेऊन. म्हणजे त्या स्वतःच आत जाणार, असं भार्गवीला वाटलं. सगळं पुन्हा बोलावं लागणार, आणि इथे, सगळ्यांसमोर.

"मॅडम..."

"ठेव ती बॅग," मॅडम म्हणाल्या. त्यांनी गाऊन झटकून उघडला आणि तिच्यासमोर धरला. "घाल हात."

भार्गवीने हात घातले. मॅडमनी तिच्या मागे जाऊन नाड्या बांधल्या, मास्क दाबून बघितला, चष्म्याची कड नीट केली. एरवी हे काम ज्युनिअरचं. शेजारची नर्स बघत राहिली.

"घाई करायची नाही," मॅडम कानाशी म्हणाल्या. "पहिल्या प्रयत्नात जाणार आहे."

नळी गेलीच. मॉनिटरचे दिवे हिरवे झाले, पेशंटची छाती सारखी वर-खाली व्हायला लागली. मग कुठे भार्गवीने मान वर केली.

काचेपलीकडे मॅडम उभ्या होत्या. भार्गवीची बॅग त्यांनी छातीवर अडकवली होती, दोन्ही पट्टे खांद्यांवर. कुणीतरी त्यांना काहीतरी विचारत होतं. त्यांनी तिकडे बघितलं नाही.