जिभेवरची ओल

सासऱ्यांनी आयुष्यभर मातीची चिमूट जिभेवर ठेवून, ओल जोखूनच टोमॅटोला पाणी दिलं. सुनेला ते बघवेना. तिने हट्टाने वाफ्यात ओल मोजायचं यंत्र रोवलं. त्याचा आकडा थेट तिच्या मोबाइलवर यायचा. रोज सकाळी दोघांची जुंपायची, पण महिन्याभरात नवल घडलं. मोबाइल म्हणे ओल तीस टक्के, आज पाणी नको, तर सासरेही माती चाखून म्हणत, "तीस!"

"बघा, माझं यंत्र खरं निघालं!"

"माझी जीभ खरी निघाली!"

एवढं एकमत होऊनही टोमॅटो मात्र सुकून काड्या झाले. सुनेने यंत्रवाल्याला बोलावून चांगलं फैलावर घेतलं.

तो खाली मान घालून म्हणाला, "ताई, यंत्र पहिल्याच आठवड्यात बिघडलं. नोकरी जाईल म्हणून मी रोज सकाळी काकांना फोन करतो. ते सांगतील तोच आकडा तुमच्या मोबाइलवर पाठवतो."

सुनेने कमरेवर हात ठेवून सासऱ्यांकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतेस?" सासरे उखडले. "माझ्या जिभेची चव गेल्या वर्षीच्या तापात गेली. मी तुझ्या मोबाइलवरचा कालचा आकडा बघून सांगतो!"