बी विंगची मोटर

आमच्या सोसायटीत दोन वह्या आहेत. लिहितात सगळे, वाचत कोणी नाही. मी वाचतो.

पहिली वही पंपाच्या खोलीत सुतळीला लटकते. मोटर किती वाजता लावली, किती वाजता बंद केली, सही. दुसरी गेटवर दौलतराव वॉचमनच्या टेबलावर असते. रात्री अकरा ते सकाळी सहा गेट बंद. त्या वेळात जो बाहेर पडेल त्याचं नाव, वेळ आणि कारण. अंबरनाथच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला मी एकतीस वर्षं काढली. निवृत्त होऊन इथं चिखलोलीला राहायला आलो आणि सोसायटीनं मला सेक्रेटरी केलं. माणूस तोंडानं काय सांगतो ते ऐकून घ्यावं, पण तो आला कधी आणि गेला कधी ते आधी बघावं, ही माझी सवय. नीलिमा, म्हणजे आमची सौ., या सवयीला चांगलं नाव देत नाही.

आमच्याकडे पाणी पहाटे पाचच्या सुमारास येतं. खालच्या टाकीतलं वरच्या टाकीत चढवायला मोटर लावायची, चाळीस मिनिटांत टाकी भरते, मग बंद करायची. पूर्वी हे वॉचमन करायचा. एकदा मोटर कोरडी चालून जळली, तेव्हापासून ठराव असा, की सभासदाच्या घरातलंच माणूस मोटर लावेल. बी विंगमध्ये अठ्ठावीस फ्लॅट. म्हणजे अठ्ठावीस दिवसांतून एकदा पहाटे उठायचं. एवढंसं काम, पण ते टाळायला एकानं डॉक्टरची चिठ्ठी आणलेली माझ्या फायलीत आहे.

डिसेंबरात एका सकाळी वरची टाकी भरून वाहिली. सहा मिनिटं. पाणी गच्चीवरून सरळ खाली, तळमजल्यावरच्या दिपेशच्या टेम्पोवर. दिपेशचं उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये जीन्सचं जॉबवर्क. माल भरून टेम्पो उभा होता, गठ्ठे भिजले. तो थेट माझ्या दारात.

"गुप्ते अंकल, ये क्या सिस्टम है? आता एकेक पँट सुकवायला टाकू काय? सेन्सर लावा सेन्सर. टाकी भरली की मोटर आपोआप बंद. माणसाचा काय भरोसा?"

सेन्सर मला आधीपासून हवाच होता. रविवारच्या मीटिंगच्या अजेंड्यावर विषय घेतला, नोटीस लावली आणि चूक कोणाची ते पुराव्यासकट मांडावं म्हणून पंपाची वही उघडली. त्या दिवशीची ड्युटी होती खुद्द दिपेशची. सही होती संध्या शिरसाटची.

"अरे, ड्युटी तुझी होती," मी त्याला म्हणालो.

"हां, पण भाभी बोलली मी लावते, तू झोप. मी काय नको बोलू?"

मी पानं मागे उलटत गेलो. नवरात्रापासून पंचाहत्तर दिवस. त्यात एक्कावन्न सह्या संध्या शिरसाटच्या. तिच्या वाट्याच्या फार तर तीन. बाकी अठ्ठेचाळीस तिनं लोकांकडून मागून घेतलेल्या.

संध्या तिसऱ्या मजल्यावर राहते. नवरा विक्रांत बदलापूरच्या एमआयडीसीत शिफ्टला, मुलगी दुसरीत, सासू गंगूबाई. ती स्वतः कॅम्प तीनमध्येच चंदर सेठच्या कारखान्यात चेकिंगची सुपरवायझर. सकाळी आठला शेअर रिक्षात बसते ती संध्याकाळी साडेसातला दिसते. अशा बाईनं दुसऱ्याच्या पहाटा का गोळा कराव्यात? कारखान्यात मी पाहिलंय, फुकटचा ओव्हरटाइम कोणी करत नाही.

"कमिटीवर यायचं असेल तिला," मी नीलिमाला म्हणालो. "मतं जमवतेय."

"तुमच्या कमिटीवर? त्यापेक्षा झोप काढेल ती."

"मग सासूशी पटत नसेल."

"परवाच दोघी मिळून बाजारात भांडी घेत होत्या. दुकानदाराला रडवलं दोघींनी."

"मग फोनवर कोणाशी..."

नीलिमानं माझ्याकडे असं पाहिलं की तो रकाना मी तिथंच खोडला.

मग मला सुचलं ते आधीच सुचायला हवं होतं. गेटवरची वही आणून शेजारी ठेवली. संध्या शिरसाट, बाहेर ५.०८, आत ५.४४. कारण: पाणी. दुसऱ्या दिवशी ५.०७, ५.४३. कारण: पाणी. रोज पाणी. आता मोटर गेटच्या आत, दोन्ही टाक्या गेटच्या आत. टाकी वाहिली त्या दिवशी ती आत आली होती ५.५१ला.

"दौलतराव, गेटाबाहेर कसलं पाणी?"

"त्या म्हणाल्या पाण्याला आलेय. मी लिहिलं पाणी."

"पण बाहेर कशाला जातात, विचारलं नाही?"

"त्याचा रकाना नाही ना साहेब."

दुसऱ्या दिवशी पहाटे स्वेटर घालून मी खाली उतरलो आणि पार्किंगमधल्या खांबाआड उभा राहिलो. पाच वाजून पाच मिनिटांनी संध्या आली. मोटर लावली, वहीत वेळ लिहिली. पंपाच्या खोलीत चपला घालून गेलेली बाई बाहेर आली ती बूट घालून. ओढणी तिनं खांद्यावरून आडवी घेऊन कमरेला गच्च बांधली, दौलतरावांकडे मान हलवली आणि गेटाबाहेर पडताच पळायला लागली. बस पकडायला पळतात तसं नव्हे. कुठंच पोहोचायचं नसल्यासारखं, एका लयीत.

सेक्रेटरीनं शेजाऱ्याच्या सुनेमागे जाणं बरं दिसलं नसतं, आणि गेलो असतो तरी पहिल्या वळणापर्यंतच. मी पंपाच्या खोलीत स्टुलावर बसलो. ५.४३ला ती आली. घामानं चिंब. मला बघण्याआधी तिचा हात स्विचकडे गेला.

"अजून दोन मिनिटं आहेत," मी म्हणालो. "बस. दम खा."

ती बसली नाही. "काका, त्या दिवशीचं माझ्यामुळेच झालं. मी दिपेशभाईंना सांगणार होते."

"ते राहू दे. हे काय चाललंय ते सांग. पळायचंच तर उघड पळावं. लोकांच्या अठ्ठेचाळीस ड्युट्या कशाला?"

"अठ्ठेचाळीस? तुम्ही मोजल्यात?" ती हसली. मग बुटाची लेस सोडता सोडता बोलायला लागली.

"जूनमध्ये मी घरात सरळ सांगितलं होतं काका. उद्यापासून पळायला जाणार. कोणी नाही म्हणालं नाही. आई म्हणाल्या, जा की. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, जातेच आहेस तर येताना दूध आण. मग, जायच्या आधी तेवढी कणीक मळून जा. विक्रांतची फर्स्ट शिफ्ट असली की त्याचा डबा. एकदा पोरीचा युनिफॉर्म इस्त्रीचा राहिला. नवव्या दिवशी उठले, सगळं केलं आणि बघते तर सात वाजलेत. भांडायचं तरी कोणाशी? अडवलं कोणीच नव्हतं."

"आणि पाण्याला गेलं की?"

"पाण्याला गेलेल्या माणसाला कोणी हाक मारत नाही. पहिल्यांदा आमची ड्युटी आली तेव्हा लक्षात आलं. चाळीस मिनिटं एक फोन नाही. वर आल्यावर आईंनी आयता चहा दिला."

मोटर बंद करून तिनं वेळ लिहिली. उल्हासनगरला कॉलेजात असताना ती पाच हजार मीटरमध्ये जिल्ह्यात दुसरी आली होती. मग नोकरी, लग्न, मुलगी. मधली दहा वर्षं कोरी.

"नवरात्रात नवं रेल्वे स्टेशन होतंय तिथपर्यंत गेले तरी छाती फुटायची," ती म्हणाली. "आता धरणाच्या फाट्यापर्यंत जाते आणि वेळेत येते. त्या दिवशी म्हटलं, फाट्याच्या पुढे काय आहे बघू. ती सहा मिनिटं त्याची."

"काय आहे पुढे?"

"चढ आहे."

बूट काढून तिनं मोटरीमागे सरकवले. मग म्हणाली, "सेन्सर बसला की माझं कारण गेलं. आणि आता बंद पडलं ना काका, तर परत सुरू व्हायचं नाही. एकदा दहा वर्षं बंद ठेवून बघितलंय."

"विषय पुढे ढकलता येईल," मी म्हणालो. म्हणजे बघा, नोटीस माझी, सही माझी, आणि ढकलणारही मीच.

"नका ढकलू. तुम्हाला कारण विचारतील." चपला पायात सरकवून ती जिना चढायला लागली. चौथ्या पायरीवर थांबून तिनं विचारलं, "तो सेन्सर मोटर बंद नक्की करतो ना? म्हणजे कोणी तिथं नसलं तरी?"

"नक्की."

"हं," ती म्हणाली आणि वर गेली. त्या 'हं'ची नोंद मी तेव्हा घेतली नाही.

रविवारी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या. खिशात मी चिठ्ठी ठेवली होती, सेन्सर पुढे ढकलण्याची तीन कारणं लिहून. तिन्ही मलाच पटत नव्हती. पहिल्या रांगेत गंगूबाई, शेजारी संध्या. विषय निघाल्यावर दिपेशनं गठ्ठ्यांची कहाणी सांगितली. ड्युटी कोणाची होती ते त्यानं गाळलं, मीही आठवण करून दिली नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. अठ्ठावीस घरांची पहाटेची झोप एका ठरावात सुटत होती, कोण नाही म्हणेल?

चिठ्ठी काढायला मी खिशात हात घातला, तोच संध्या उभी राहिली.

"सेन्सर बसवाच," ती म्हणाली. "फक्त एक विचारायचं होतं. आमच्या चंदर सेठनी काजं पाडायचं नवीन मशीन आणलं, तेव्हा जुन्या कारागिराला तीन महिने शेजारी बसवून ठेवलं. मशीन फसलं तर हातानं थांबवायला माणूस हवा म्हणून. आपलं पहाटे फसलं तर कोण थांबवणार?"

"बरोबर बोलते भाभी," दिपेश म्हणाला. "नया मशीन पहले माल खाता है. माझा पण खाल्ला होता."

म्हणजे तीन महिने कोणीतरी पहाटे पाचला हजर राहायचं. सत्तावीस घरं एकदम आपापल्या चपलांकडे बघायला लागली. एकाला फोन आला, जो वाजलाच नव्हता.

"मी बघेन," संध्या म्हणाली. "मला सवय झालीय."

टाळ्या वाजल्या. गंगूबाई ताठ बसून चारी बाजूंना बघत होत्या, सून निवडून आल्यासारख्या. मी ठराव लिहून घेतला: चाचणीचा काळ तीन महिने, देखरेख सौ. संध्या शिरसाट. मनात म्हटलं, शाबास, पोरीनं आपली चाळीस मिनिटं वाचवली. दोन दिवस मी त्यात थोडं श्रेय माझंही धरत होतो.

सेन्सर डिसेंबर संपता संपता बसला. शनिवारी सवयीनं मी दोन्ही वह्या घेऊन बसलो. मोटर बंद ५.४६, ही वेळ यंत्र आपल्या डब्यावर दाखवतं, संध्या ती उतरवून सही करते. गेटवरची वही पाहिली. सोमवारी आत ५.५१. मंगळवारी ५.५५. बुधवारी ५.५९. गुरुवारी बाहेर ५.०७, आणि आत काहीच नाही. शुक्रवारीही नाही.

"दौलतराव, या बाई परत आल्या नाहीत काय?"

"आल्या की. सहानंतर आल्या. सहानंतर गेट उघडं, वही बंद."

मी वही मिटली. यंत्र बसवलं मी, आणि चाळीस मिनिटांचं दावं सुटलं तिचं. कारण होतं तसं राहिलं, पाण्याला गेलेय; पण पाण्यासाठी परत धावत यायची गरज उरली नाही. जिन्यावर तिनं मला तेवढंच तर विचारलं होतं. एकतीस वर्षं लोकांच्या वेळा तपासल्या, आणि या बाईनं माझ्याच ठरावातून, माझ्याच अक्षरात, माझ्या वहीबाहेरची वेळ काढली.

नीलिमाला सांगितलं तर ती म्हणाली, "मग आता तुम्हाला झोप कशी लागणार?"

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात गंगूबाई आल्या. चहा घेतला, नातीच्या परीक्षेचं बोलल्या, मग म्हणाल्या, "गुप्तेभाऊ, ते तीन महिने संपतात ना आता?"

"संपतात."

"यंत्र कसं आहे?"

"चांगलं आहे," मी म्हणालो. त्यांचा चेहरा पडल्यासारखा वाटला, म्हणून जोडलं, "म्हणजे, अजून थोडं बघावं लागेल."

"तेच म्हणते मी. यंत्राला घाई करू नये." कपबशी खाली ठेवून त्यांनी पदर सारखा केला. "ती सकाळी पाण्याला जाऊन आली की दिवसभर कोणावर डाफरत नाही. मधे दोन दिवस तिला ताप होता, तेव्हा घरात बघायला हवं होतं तुम्ही." मग जरा थांबून, "धरणाकडनं येताना सकाळी वारा छान असतो म्हणे."

"कोण म्हणतं?"

"कोण म्हणणार? असतोच तिकडे वारा."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी कपात बघितलं. त्यांना काय माहीत आहे, किती आणि कधीपासून, तो रकाना मी अजून रिकामाच ठेवलाय. विचारलं तर भरला जाईल, आणि मग 'पाणी' या कारणाची पंचाईत होईल.

फ्लॅट गंगूबाईंच्या नावावर आहे, तेव्हा मुदतवाढीच्या अर्जावर सूचक म्हणून त्यांचीच सही घेतली. त्यांनी चष्मा लावून एकेक अक्षर कोरलं आणि पेन न ठेवता विचारलं, "किती दिवसांची लिहिताय?"

"पावसाळ्यात यंत्र कसं चालतं तेवढं बघू. सप्टेंबर?"

"दिवाळी लिहा," त्या म्हणाल्या.

मी दिवाळी लिहिलं.