पडद्याबाहेरची आठ लेकरं

सोमवारी सकाळी साडेनऊला राजेश्री सेलूच्या घरात ओट्यापाशी उभी राहून चहा पीत होती, तेव्हा अनोळखी नंबरवरून फोन आला.

"ताई, मी आश्रुबा बोलायलोय. भक्तीचा बाप. मुकादमाच्या फोनवरून लावलाय." मागे ट्रॅक्टर धडधडत होता. "भक्ती कुठं हाय?"

"कुठं म्हणजे? वसतिगृहातून शाळेत गेली असेल आता."

"मग फोनातल्या पानावर काहून दिसना? शनवार सांजपासून न्हाई. काल बी न्हाई. हिच्या आईनं, सरजानं, धा डाव पाह्यलं. गुरुजींला लावला तर त्यांचा फोन बंद. तुमचा नंबर मुकादमाकडं, आन् त्यो काल गावात न्हवता. ती काय थांबना ताई. काल सांजच्या गाडीनं निघाली."

"निघाली? कुठं?"

"तिकडंच. लेकीला पाह्यला. तिच्याकडचा फोन बी चार्जिंग संपून बंद पडलाय. भक्ती हाय ना पण?"

"आहे," राजेश्री म्हणाली. तिने भक्तीला चार दिवसांत पाहिलेलं नव्हतं, तरी म्हणाली.

फोन ठेवून तिने लॅपटॉप उघडला. वसतिगृहाचं पान समोर आलं. पाचवीच्या ओळीत तिसरा फोटो भक्तीचाच होता. दोन वेण्या, फोटोपुरतं दाबून धरलेलं हसू आणि खाली हिरवा ठिपका: हजर, जेवली, तब्येत ठीक. राजेश्रीला हायसं वाटलं. मग तिने तेच पान स्वतःच्या मोबाइलवर उघडलं आणि बोटाने वर सरकवत गेली. तिसरीच्या ओळीत दोन मुलं होती, ती दोन्ही दिसली. चौथीच्या ओळीत दोन फोटो आणि त्यांच्यापुढे पडद्याची कड. पाचवीच्या ओळीतही दोनच. भक्ती नव्हती.

तिने मोजलं. अठरा लेकरांपैकी दहा दिसत होती. आठ गायब होती.

देवगाव फाट्याजवळच्या एका गावात किशनराव गुरुजी हे हंगामी वसतिगृह चालवायचे. निवृत्तीनंतर त्यांनी ते काम अंगावर घेतलं होतं. दिवाळी झाली की आसपासची माणसं ऊसतोडीला साताऱ्याकडे, कर्नाटकाकडे जायची. लेकरांची शाळा तुटू नये म्हणून ती इथे राहायची. मागच्या वर्षी राजेश्रीने त्यांच्यासाठी हे पान करून दिलं होतं. आईबापांना एक कोड दिलेला. तो टाकला की आपलं लेकरू दिसायचं. वाचता न येणाऱ्यांसाठी फोटो आणि ठिपके. पहिल्या बैठकीत तिनेच उभं राहून सांगितलं होतं, "जे लेकरू आज इथं आहे, जेवलंय, त्याचाच फोटो दिसेल. फोटो नसला तर समजा, लेकरू इथं नाही."

आणि सरजाबाईने तेच समजून घेतलं होतं.

चूक कुठे झाली हे शोधायला राजेश्रीला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. आधी पानावर एकाखाली एक अशी साधी यादी होती. शनिवारी गुरुजी म्हणाले, परभणीहून पाहुणे बघायला येणार आहेत, पान जरा देखणं कर. तिने तिसरी ते सातवी अशा पाच इयत्तांच्या पाच ओळी केल्या. अशा कामात हल्ली सगळं छोट्या छोट्या तयार शब्दांवर चालतं. डब्याला 'फ्लेक्स' हा शब्द लावला की आतली खोकी, म्हणजे इथे लेकरांचे फोटो, एका ओळीत उभी राहतात. 'फ्लेक्स-रॅप' लावला तर जागा संपल्यावर उरलेली खोकी खालच्या ओळीत उतरतात. तो दुसरा शब्द तिने लावलाच नव्हता. वर फोटो चेपू नयेत म्हणून 'श्रिंक-झिरो' लावला होता, म्हणजे खोकी अंगही चोरत नव्हती. मोबाइलवर पान डावी-उजवीकडे हलायला लागलं, तेव्हा घाईत 'ओव्हरफ्लो-हिडन' लावून टाकला. पान हलायचं थांबलं. जे बाहेर लोंबत होतं ते कापलं गेलं. तिने मोबाइलवर वरची तिसरीची ओळ तेवढी पाहिली, ठीक वाटली, आणि ती मावशीकडे हळदीकुंकवाला निघून गेली.

एक शब्द घातला, एक काढला. पुन्हा उघडलं. आठही लेकरं खालच्या ओळीत येऊन बसली.

पण सरजाबाई आता कुठल्या तरी गाडीत होती. तिला हे कोण सांगणार?

राजेश्रीने गुरुजींना फोन लावला. ते परभणीला बैठकीत होते, "मग बोलतो" म्हणाले. तिने वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या गीताबाईंना लावला. "हाय की भक्ती," गीताबाई म्हणाल्या. "सकाळी भाकर खाऊन गेली. काहून?" राजेश्री 'सांगते नंतर' म्हणाली आणि बाकी सात घरांना फोन करायला बसली. दोघांचे फोन लागले नाहीत. एक बाप म्हणाला, नेट नसंल म्हणून गप बसलो. एका बाईने फोनवरच रडायला सुरुवात केली आणि मग रडता रडता शिव्या दिल्या. राजेश्रीने ऐकून घेतल्या. बोलताना ती घरभर फिरत होती, दारातून न्हाणीपर्यंत आणि परत. आईने दोनदा विचारलं, "काय झालं गं?" तिने हातानेच गप्प राहायला सांगितलं.

साताऱ्याकडून काल संध्याकाळी निघालेली बाई पुण्यात गाडी बदलणार, मग संभाजीनगर, जालना, मंठा. फाट्यावर दुपारी एक-दोनच्या सुमाराला. राजेश्रीला घरात बसवेना. साडेअकरालाच तिने स्कूटी काढली.

फाट्यावर ती रसवंतीच्या सावलीत उभी राहिली. एक गाडी आली, नांदेडची. उतरली ती कॉलेजची पोरं. दुसरी आली, थांबलीच नाही. तिच्या मनात काय काय येऊन गेलं. बाई पुण्यात चुकली असेल. कुणाला विचारायची सोय नाही, फोन बंद. रात्रभर जागी असेल. लेक पळवून नेली, लेक मेली, असंच काही तरी मनात घेऊन बसली असेल. तिने मोबाइलवर पान पुन्हा उघडलं. भक्ती होती. पुन्हा बंद केलं, पुन्हा उघडलं. रसवंतीवाला म्हणाला, "ताई, बसा की. गाडी काय तुमच्या उभं राहण्यानं लवकर येत न्हाई." ती बसली आणि लगेच उठली.

पावणेदोनला जालन्याकडून आलेल्या गाडीतून सरजाबाई उतरली. काखेत गाठोडं, पायात नवऱ्याची असावी अशी मोठी चप्पल, हातांवर उसाच्या पाल्याने ओढलेले ओरखडे. राजेश्री पुढे झाली.

"सरजाबाई, भक्ती आहे. ठीक आहे. शाळेत आहे."

सरजाबाईने तिच्याकडे पाहिलं. ओळखलं की नाही कळेना. "डोळ्यानं दाखव," ती म्हणाली.

ती स्कूटीवर मागे बसली. राजेश्रीच्या खांद्यावर तिचा हात होता, आणि खड्डा आला की ती बोटं रुतायची.

शाळेत पाचवीच्या वर्गात गणित चाललं होतं. सरजाबाई दारात जाऊन उभी राहिली. सर बोलायचे थांबले. तिसऱ्या बाकावरच्या भक्तीने मान वर केली. राजेश्रीला वाटलं होतं, पोरगी धावत येईल. पोरगी जागीच बसून राहिली. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"आई," तिने विचारलं, "बाबाला काय झालं?"

हंगामात मधेच कुणाची आई येते ती काही तरी वाईट घडल्यावरच, हे त्या पोरीला ठाऊक होतं.

"काय न्हाई गं, काय न्हाई झालं," असं म्हणत सरजाबाई वर्गात शिरली, बाकाजवळ खाली बसली आणि पोरीचे पाय, हात, डोकं चाचपायला लागली. बाजार करताना बाया भाजी चाचपतात तशी, नीट, एक एक. मग दोघी रडल्या. सरांनी बाकीच्या पोरांना बाहेर सोडलं.

वसतिगृहावर आल्यावर गीताबाईंनी पिठलं-भाकरी वाढली. सरजाबाईने दोन घास खाल्ले, पाणी प्यायली आणि म्हणाली, "हिचं सामान कुठं हाय? मी संगं नेते हिला."

राजेश्रीला हीच भीती होती. तिने सगळं सांगितलं. पान शनिवारी बदललं, ओळीत जागा संपली तर खाली उतर असं सांगायचं राहिलं, जे मावलं नाही ते कापलं गेलं. चूक वसतिगृहाची नाही, भक्तीची नाही, फक्त तिची. तिने सरजाबाईचा फोन चार्जिंगला लावला, चालू झाल्यावर पान उघडून दाखवलं. काच तडकलेली होती आणि अक्षरं सगळ्यात मोठी करून ठेवलेली. त्या फोनवर ओळीत एकच फोटो मावत होता. म्हणजे सरजाबाईला दहा नाही, पाचच लेकरं दिसली असणार.

"तूच म्हणली हुतीस ना," सरजाबाई म्हणाली, "फोटो न्हाई म्हंजे लेकरू न्हाई?"

"हो."

"आता फोटो हाय म्हंजे लेकरू हाय, हे मी कसं मानू?"

गीताबाईंनी मधे तोंड घातलं. "बाई, तिथं पाचटाच्या कोपीत ठिवशील हिला, मग शाळंचं काय? पाल्यात साप-किरडू, अंघोळीला आडोसा न्हाई. पोरगी मोठी व्हायली आता."

"मला म्हाईत न्हाई का?" सरजाबाई एकदम ओरडली. "मीच राहते तिथं!"

भक्ती आईच्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. तिला कुणी विचारलं नाही.

संध्याकाळी किशनराव गुरुजी परतले. त्यांनी सरजाबाईपुढे हात जोडले. रविवारी फोन बंद ठेवला तो आपलाही दोष, म्हणाले. पुढे दर रविवारी सकाळी आणि रोज संध्याकाळी सहाला वसतिगृहाच्या फोनवरून प्रत्येक लेकरू स्वतः आईबापाशी बोलेल, असं त्यांनी कबूल केलं. सरजाबाईने ऐकून घेतलं. ती रात्री लेकीच्या अंथरुणात झोपली.

दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी राजेश्री पोचली तेव्हा सरजाबाई भक्तीच्या वेण्या घालत होती. गाठोडं दाराशी बांधून तयार होतं. एकच गाठोडं.

"मी जाते," ती राजेश्रीला म्हणाली. "त्यो एकलाच हाय तिकडं. जोडीबिगर कोयता चालत न्हाई. फाट्यावर सोड मला."

भक्ती रडली नाही. दाराशी उभी राहून तिने हात हलवला. फाट्यावर गाडी यायला अर्धा तास लागला. त्या अर्ध्या तासात सरजाबाईने एकच गोष्ट विचारली, "तू शिकलीस कुठं हे?" राजेश्री म्हणाली, सेलूत आणि परभणीत, बाकी घरी बसून मोबाइलवर बघून बघून. "माझ्या भक्तीला गणित येतं," सरजाबाई म्हणाली. गाडी आली. चढताना तिने मागे पाहिलं नाही. पायरीवर चप्पल निसटली, ती हातात घेऊनच आत गेली.

राजेश्रीला घरी जाता आलं असतं. पण ती वसतिगृहावर परत आली, गीताबाईंचा फोन मागून घेतला, गुरुजींचा घेतला, शेजारच्या दुकानदाराचाही आणला. अक्षरं लहान करून, मोठी करून, फोन आडवा धरून प्रत्येकावर पान तपासत पायरीवर बसली. हजेरीचं पान, जेवणाचं, सुट्ट्यांचं. सुट्ट्यांच्या पानावरही एक तारीख कडेला कापली जात होती. ती तिने नीट केली.

शाळेला निघालेली भक्ती दप्तर पाठीला लावून तिच्याजवळ येऊन थांबली. फोनमध्ये डोकावून तिने स्वतःचा फोटो पाहिला.

"ताई, आई काल आली ती मी दिसले न्हाई म्हणून ना?"

"हो. माझ्याकडून चुकलं होतं."

भक्तीने जरा विचार केला. मग आवाज अगदी खाली आणून म्हणाली, "मग मपला फोटो पानावरून अजून एकदा काढून टाकता येतो का? एकच दिवस."

राजेश्रीने पोरीचा हात धरला. हात गार होता.

"नाही गं," शेवटी ती म्हणाली. "ती पुन्हा रात्रभर रडत येईल."

"रडत आली का?"

"हो."

भक्तीने मान हलवली. बाकीच्या पोरी फाटकातून हाका मारत होत्या. ती गेली, पण सावकाश, दप्तराचा पट्टा सारखा वर ओढत. राजेश्रीने हातातला फोन खाली ठेवला, मग उचलला, आणि आश्रुबाच्या मुकादमाचा नंबर लावला. सहाला पोरगी बोलणार आहे, सरजाबाई पोचली नसली तरी तुम्ही तरी फोनपाशी राहा, एवढं त्याला सांगायचं होतं. पलीकडे घंटी वाजत राहिली. ती उठून अंगणात फेऱ्या मारत ऐकत राहिली.