तिकोनी खडा

माझ्या वडिलांनी लग्नात जावयाला एक खडा दिला होता, असं सांगितलं की आजच्या पोरी हसतात. पण ते खरं आहे. हिवरखेडच्या आमच्या मांडवात जेवणं आटोपली, पुरुषमंडळी चिलमी भरून बसली आणि यांची चिलीम तीनदा विझली. माझी चुलत बहीण पार्बता टपूनच होती.

"जवाईबापू, चिलीम ओढून राह्यले का शिट्टी वाजवून राह्यले?"

सगळा मांडव हसला. यांचे कान लाल झाले. बाबांनी स्वतःची चिलीम उपडी करून राख झटकली, आतला खडा काढला आणि यांच्या चिलमीत टाकला. "आता ओढा जी." ती चिलीम शेवटपर्यंत पेटती राहिली.

चिलमीच्या अरुंद तोंडाशी तंबाखू अडवायला आत एक खडा लागतो. बाबांचा तो खडा वाटाण्याएवढा, तिकोनी होता, आमच्या मळ्यामागच्या नाल्यात सापडलेला. तिकोनी खड्याच्या बाजूंनी हवेला वाट राहते. गोल खडा बुचासारखा बसतो, मग कितीही जोर लावा, चिलीम विझतेच. मी बाबांची चिलीम भरायची, म्हणून मला हे ठाऊक. तंबाखू तळहातावर चुरायचा, फार कोरडा नको, ओला तर नकोच. खाली मोकळा, वर जरासा दाबून. ओठाकडच्या टोकाला गुंडाळायची फडक्याची छापी ओली करून घट्ट पिळायची. वर बोराएवढा गोवरीचा इस्तो, म्हणजे निखारा, राख फुंकून ठेवलेला. पहिला दम लहान घ्यायचा, नंतरचे सावकाश. वासराला पाणी पाजताना घाई करत नाही तसं, बाबा म्हणायचे.

वरूडजवळच्या सासरी मी शेहेचाळीस वर्षं यांची चिलीम भरली. घर बगीच्याला लागूनच. दुपारी चार वाजता हे संत्र्याच्या झाडांमधून बाहेर येत, ओट्यावर बसत. शेजारच्या बगीच्यातून जयवंताभाऊजी येत. दोघांत एकच चिलीम फिरे, आणि ज्याच्या हातात ती विझेल त्यानं उठून माझ्या चुलीतून इस्तो आणायचा, असा त्यांचा नेम. हे कधी उठले नाहीत. दर वेळी जयवंताभाऊजीच खापराचा तुकडा घेऊन दारात.

"वहिनी, तुमच्या चुलीपर्यंतचा रस्ता माह्याच पायानं पडला," ते कुरकुरायचे.

"मंग दम वाढव ना लेका," हे बाहेरून ओरडायचे. "छाती हाय का कोथळा हाय?"

यांना दुसरा कसला गर्व नव्हता. पीक चांगलं आलं तर पावसाचं नाव घ्यायचे, पोरगी शिकली तर माझं. पण आपल्या दमावर फार भरवसा होता.

कोरोनात दोघांच्या चिलमी वेगळ्या झाल्या. त्याच हिवाळ्यात यांचा खोकला सुरू झाला तो थांबेना. आमची मुलगी मंजुषा अकोल्याला असते. तिनं तिथल्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी छाती तपासायच्या मशीनमध्ये फुंकायला लावलं. डॉक्टर म्हणाले, चिलीम बंद. यांनी मान डोलवली आणि घरी आल्यावर चार वाजता माझ्यापुढे हात केला.

मंजुषा फोनवर चिडली. "आई, तू भरून देतेस म्हणून बाबा ओढतात. उद्या काही झालं तर मले फोन करून रडू नको."

ते मला लागलं. मी भरून द्यायचं थांबवलं, तर हे स्वतः भरायला लागले. मी रुसले, हातापाया पडले.

"एवढ्या दोन दमासाठी तर मी ओट्यावर जाऊन बसतो, जमुना," हे म्हणाले. "ते बी काढून घेतं का?"

त्यानंतर मी पुन्हा भरून देऊ लागले. पण कार्तिकात एके दिवशी रस्त्याच्या कामाला आणलेल्या रेतीतून एक गोल गोटा उचलला, धुतला आणि बाबांच्या खड्याच्या जागी टाकला. बाबांचा खडा मोहरीच्या डब्यात तळाशी लपवला.

पहिल्याच दिवशी चिलीम विझली. जयवंताभाऊजींची बाजूला पेटती होती. हे उठले आणि खापर घेऊन चुलीशी आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी चिमट्यानं इस्तो दिला. थोड्या वेळानं पुन्हा आले. मग तिसऱ्यांदा.

बाहेरून जयवंताभाऊजी म्हणाले, "आता तुह्या पायानं रस्ता पडून राह्यला रे शालिक!"

हे हसले नाहीत.

आठ दिवस असंच चाललं. आठव्या दिवशी हे विझलेली चिलीम हातात घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. "तंबाखू तोच. भरते तूच. ओढतो मीच. मंग विझते काहून?"

त्यांनी चिलीम तपासली असती तर लगेच कळलं असतं. पण त्यांच्या लेखी त्यातला खडा माझ्या बापाचा होता. त्यावर शंका घ्यायचं त्यांच्या मनातही आलं नाही.

मी म्हणाले, "वय झालं जी."

मी एवढंच बोलले. त्यांनी चिलीम कोनाड्यात ठेवली ती पुन्हा काढली नाही. मी मंजुषाला आनंदानं फोन केला, बाबांनी चिलीम सोडली म्हणून. फोनवर दोघी रडलोसुद्धा.

पण त्यांनी नुसती चिलीम सोडली नाही. आधी बगीच्याच्या शेवटच्या ओळीपर्यंत जायचे, झाडांच्या खोडांवरून हात फिरवायचे. आता दुसऱ्या-तिसऱ्या झाडाशी बसायचे आणि म्हणायचे, "माह्यात दम नाही राह्यला." खोकला कमी होत होता आणि माणूसही कमी होत होता. उन्हाळ्यात त्यांनी बगीचा मक्त्यानं देऊन टाकला आणि आम्ही अकोल्याला मंजुषाकडे राहायला आलो.

तिथं डॉक्टरांनी त्यांना पुन्हा मशीनमध्ये फुंकायला लावलं. म्हणाले, आजोबा, मागच्यापेक्षा पुष्कळ चांगलं आहे, रोज फिरत जा. परत येताना रिक्षात मंजुषा खुश होती.

"ऐकलं ना बाबा? तुमची छाती सुधारली."

"मशीनले काय समजते?" हे बाहेर बघत म्हणाले. "मी चिलमीले इचारलं हाय. ते खोटं नाही बोलत."

त्यांचा खांदा माझ्या खांद्याला लागलेला होता. तेव्हाच सांगायला हवं होतं. मनात म्हटलं, मंजुषासमोर नको, घरी सांगू. घरी वाटलं, सांगितलं तर चिलीम मागतील. मग वाटलं, थोडे दिवस जाऊ दे. त्यांना काळजीपोटी फसवलं हे मला सांगता आलं असतं. पण आठव्या दिवशी तोंडावर विचारल्यावरही फसवलं, हे कसं सांगायचं ते मला कळत नव्हतं. दीड वर्षं मला कळलं नाही. ते फाटकापलीकडे फिरायला गेले नाहीत. पौषात एका सकाळी चहाचा कप हातात असताना गेले. डॉक्टर म्हणाले, हृदय. छातीचं काही नव्हतं.

तेरवी झाल्यावर मी गावी गेले. दुसऱ्या दिवशी चार वाजता जयवंताभाऊजी काठी टेकत आले, ओट्यावर बसले.

"वहिनी, त्याची चिलीम असंन तं द्या मले. आठवण म्हणून."

मी आत जाऊन कोनाड्यातून चिलीम काढली. गोल गोटा काढून मुठीत धरला. मोहरीच्या डब्यात हात घातला. बाबांचा खडा तळाशी होता तसाच होता. तो बसवला, भाऊजींकडून घेतलेला तंबाखू चुरला, छापी पिळली, पाणी तापवायच्या चुलीतला इस्तो वर ठेवला. हातांना काही विचारावं लागलं नाही.

भाऊजींनी लहान दम घेतला. इस्तो लाल झाला. दुसऱ्या दमाला धूर भरून आला. त्यांनी चिलीम डोळ्यांसमोर धरली.

"चिलीम तं झकास हाय. मंजे शालिकचाच दम सरला होता बिचाऱ्याचा."

गप्प बसता आलं असतं. ज्याला सांगायचं तो राहिला नव्हता. पण गावात यांचं बोलणं निघेल तेव्हा भाऊजी हेच सांगत राहतील, हे मला सहन होईना. मी मूठ उघडून गोटा त्यांच्यासमोर ठेवला.

"भाऊजी, त्यांचा दम सरला नव्हता. म्या खडा बदलला होता."

त्यांनी गोटा उचलला, दोन बोटांत फिरवला. चिलमीशी वाढलेला माणूस, त्यांना जास्त सांगावं लागलं नाही.

"त्याले मालूम होतं?"

"नाही."

त्यांनी गोटा ओट्यावर ठेवला. मग म्हणाले, "तो तीन-तीनदा इस्तो न्याले येत होता, वहिनी. मी त्याले हसत होतो. एका खेपेले तरी सांगाचं होतं."

बोलता बोलता त्यांच्या हातातली चिलीम विझली. नेमाप्रमाणे त्यांनी उठायचं होतं. त्यांनी काठीकडे हात नेला, पण गुडघे उठेनात.

"बसा, मी आणते," म्हणून मी खापर घेतलं आणि आत गेले. ओट्यापासून चुलीपर्यंत बावीस पावलं आहेत. त्या दिवसापर्यंत कधी मोजली नव्हती. आठ दिवस हे या वाटेनं आले, आणि प्रत्येक वेळी मी मान खाली घालून त्यांच्या खापरात इस्तो ठेवत गेले.