जांभळं तिखट

वैभवनं मोबाईल टेबलावर ठेवला आणि तोच व्हॉइस मेसेज तिसऱ्यांदा लावला.

"शरीफच्या चक्कीवरून आणलेल्या तिखटाले जांभळा रंग सुटून राहिला वं. काय मिसळलं त्यानं, देवाले माहीत."

नऊ सेकंद. तेवढ्यावरून चार दिवसांपासून शरीफभाईंची तिखट दळायची चक्की बंद होती, शटरवर दगड पडले होते आणि दोन मोहल्ल्यांच्या मधल्या चौकात पोलिसांची गाडी उभी होती. तेही ऐन उन्हाळ्यात, जेव्हा अख्खं नागपूर वर्षभराचं तिखट करून ठेवतं.

वाचनालयाच्या खोलीत दोन्ही मोहल्ल्यांची दहा-बारा पोरं-पोरी बसली होती. कौतुक करावं तर यांचंच. मोठी माणसं दारं लावून मोबाईलवर शूर झाली होती आणि ही पोरं उन्हातान्हात घरोघर फिरत होती. त्यांचा एक नियम होता. खोट्या मेसेजला मेसेजनं उत्तर द्यायचं नाही. तो ज्याच्या तोंडून निघाला त्याला गाठायचं आणि त्याच्याच तोंडून खरं काय ते लोकांपुढं आणायचं. दुसऱ्या कोणाचं लोक ऐकत नाहीत, हे ती मागच्या वर्षीच्या भांडणात शिकली होती.

"आवाज कोणालेच ओळखू नाही येऊन राहिला," वैभव वैतागून म्हणाला. "आपल्या बाजूची बाई आहे, एवढं पक्कं."

प्रणालीनं पाण्याची बाटली उघडली आणि न पिताच बंद केली. तिला पहिल्या खेपेलाच ओळखू आलं होतं. गप्प बसली असती तर कोणाला काय कळणार होतं?

"माझी आई आहे," ती म्हणाली.

वैभवनं मोबाईल उचलून खिशात घातला.

"तू घरी जा. आम्ही नाव नाही घेत."

"काहून? नियम माझ्यासाठी वेगळा आहे का गा?"

घरी प्रणालीची आई वंदना आधी उसळलीच.

"मी उमरेडच्या चारुशीलेले पाठवला होता. पुढं कोणी फिरवला, मले काय माहीत? बहिणीशी बोलाचंही नाही का? अन् खोटं काय बोलली? हे पाह्य!"

तिनं वाटीभर पाण्यात चिमूटभर तिखट टाकलं. खरंच जांभळी रेघ सुटली.

प्रणालीला तो रंग ओळखीचा वाटला.

"आई, मिरच्या वाळल्यावर कशात भरून ठेवल्या होत्या?"

"माळ्यावरच्या पोत्यात. काहून?"

माळ्यावर आजोबा गुलाबचंदांचं सामान होतं. त्यांनी हातमाग मोडला त्याला पंधरा वर्षं झाली होती, पण लुगड्यांच्या सुताचे रंग ज्या पोत्यांतून यायचे ती पोती त्यांना टाकवली नव्हती. प्रणालीनं ते पोतं खाली आणलं, उलटं केलं आणि ओलं फडकं त्यावरून फिरवलं. फडकं जांभळं झालं.

वंदनानं ते फडकं हातात घेऊन उलटसुलट पाहिलं.

"आता बस्तीत तोंड कसं दाखवू वं? तुझ्या लग्नाची बोलणी चालू आहे. लोक म्हणतीन, हिनंच आग लावली."

"म्हणतीन," प्रणाली म्हणाली. "अन् उद्या शरीफभाईच्या घरावर कोणी चालून गेलं तं?"

वंदनानं तोंड धुतलं, पोत्याची घडी करून पिशवीत घातली आणि पायात चपला सरकवल्या.

भर दुपारी दोघी चौक ओलांडून गेल्या. मागून अंतर ठेवून वैभव आणि बाकीची पोरं. गच्चीवरून, खिडक्यांतून लोक बघत होते. शरीफभाई अर्ध्या उघड्या शटरच्या आत मशीन पुसत बसले होते.

"चूक माझी होती, भाऊ," वंदना उभ्या उभ्याच म्हणाली. तिनं पिशवीतून पोतं काढलं. "पोतं सुताच्या रंगाचं होतं. मले समजलंच नाही. तो मेसेज मीच पाठवला."

शरीफभाईंनी पोत्याकडे बघितलंही नाही. त्यांनी स्टूल पुढं सरकवलं.

"बसा, भाभी. ऊन लई आहे."

"तुमाले राग नाही आला?"

"आला ना. दोन दिवस घास नाही उतरला." त्यांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. "वीस वर्षं झाली, दळण होईपर्यंत तुम्ही इथं बसून माझ्याशी बोलता. तुमचा आवाज मले पहिल्याच दिवशी समजला."

प्रणालीनं दचकून त्यांच्याकडे पाहिलं.

"मग पोलिसांनी विचारलं नाही?"

"दोनदा विचारलं. माझ्या पोरांनीही विचारलं. म्हटलं, नाही ओळखत." ते प्रणालीकडे वळले. "नाव सांगतलं असतं तं तुमच्या दारात कोण जाऊन उभं राहिलं असतं, काही सांगता येते का, बेटा?"

वंदनाला रडू फुटलं. भर रस्त्यावर, सगळ्यांच्या देखत ती रडली. मग पदरानं डोळे पुसून तिनं लेकीपुढं हात केला. प्रणालीनं मोबाईल दिला.

वैभव शटरखालून वाकून आत आला.

"काकू, नाव नका सांगू. फक्त पोत्याचं सांगा. चालते तेवढं."

वंदनानं नकारार्थी मान हलवली, शरीफभाईंकडे बघितलं आणि रेकॉर्डिंगचं बटण दाबलं.

"मी वंदना हेमराज निमजे. शरीफभाईच्या चक्कीवरून बोलून राहिली."